संमोहनाचं गुपित ओळखणारा गोव्याचा पाद्री

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. झगेवाला माणूस हात पुढे करून उभा आणि समोर कोसळलेली बाई. मालवणहून पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटावं, भूत उतरवणं चाललंय. हा आबे फारिया.

१७५६ साली बार्देशातल्या कांदोळीत जन्म. आईवडिलांचं पटलं नाही. वडील पाद्री झाले, आई नन. १७७१ मध्ये वडिलांनी पोराला लिस्बनला नेलं. १७८० मध्ये रोममध्ये तोही पाद्री झाला. राणीसमोर प्रवचन देताना म्हणे त्याची बोबडी वळली. तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले, की ही सगळी भाजी समज आणि काप. भीती पळाली. ही आख्यायिकाच, पण पुढचं सगळं तिच्यात आलं.

१८१३ मध्ये त्याने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग सुरू केले. मेस्मरचे चेले सांगायचे, गुंगी आणणाऱ्याच्या अंगातून चुंबकीय प्रवाह वाहतो. फारियाने ते साफ नाकारलं. ताकद झोपणाऱ्याच्याच मनात असते, आपण फक्त सूचना देतो, असं त्याचं म्हणणं. त्याच काळात पॅरिसमध्येच डॉ. गॉल मेंदूच्या प्रत्येक भागाचं काम वेगळं असल्याचं मांडत होते. कवटी चाचपून स्वभाव सांगण्याचा त्यांचा नाद चुकला, मूळ मुद्दा नाही.

पॅरिसने फारियाची नाटकातून टिंगल केली. १८१९ मध्ये पुस्तक आलं, त्याच वर्षी तो गेला.

१९९७ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी संमोहित लोकांचे हात कढत पाण्यात ठेवून मेंदूचे स्कॅन काढले. त्रास कमी-जास्त वाटेल अशी सूचना दिल्यावर चटका नोंदवणाऱ्या भागात फारसा फरक पडला नाही. बदल दिसला तो त्रास जाणवून देणाऱ्या अँटिरिअर सिंग्युलेट भागात.