दिव्याच्या उजेडात न दिसलेले

रात्री हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या रांगांमधून फिरणारी बाई, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्या संडे स्कूलच्या मुलांना असते. दिवा खरा होता. परंतु त्या उजेडात जे दिसले नाही, त्याची हकिगत आम्हांला अधिक मोलाची वाटते.

१८२० साली एका श्रीमंत इंग्रज घराण्यात बाईंचा जन्म झाला. १८३७ साली, वयाची सतरा वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, परमेश्वराने आपणास सेवेसाठी पाचारण केले अशी त्यांची खात्री झाली. कोणती सेवा, हे कळायला मात्र पुष्कळ वर्षे गेली. घरच्यांचा विरोध मोठा होता. अखेर १८५१ साली जर्मनीत कैझर्सवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या डीकनेस भगिनींमध्ये राहून त्या रुग्णसेवा शिकल्या.

क्रिमियाच्या युद्धात ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. त्यांत १० रोमन कॅथलिक धर्मभगिनी होत्या, म्हणून मायदेशी काहूर उठले. (माणसे मरत असता पंथाची चौकशी करणारे कोठे नसतात?) डॉक्टरांना प्रथम या बायका नकोच होत्या, पण जखमींची रीघ लागली आणि दारे उघडली. बाईंनी स्वयंपाक सुधारला, कपडे धुण्याची सोय केली, स्वच्छ सदरे मिळवले.

तरी मरण थांबेना. जखमांपेक्षा पटकी, हगवण व टायफस यांनीच अधिक माणसे गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये हे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले. इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्चमध्ये सरकारी आरोग्य मंडळ आले. त्याने गटारे धुतली, मेलेली जनावरे हलविली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनमध्ये प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

शिपाई अर्धमेले होऊनच आपल्याकडे येतात, म्हणून मरतात, असे बाईंना तोवर वाटे. १८५६ मध्ये परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर त्यांनी आकडे मांडले, तेव्हा आपल्या इस्पितळानेच माणसे मारली हे त्यांना दिसले. देश त्यांना देवी मानत होता; गप्प बसणे सोपे होते. त्यांनी तेच आकडे रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिली स्त्री सभासद म्हणून घेतले.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील लष्करी ठाण्यांकडे छापील प्रश्न पाठवून त्यांनी माहिती जमविली, आणि येथे गोऱ्या शिपायांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होतात हे १८६३ च्या अहवालातून जगापुढे आले. प्रकृती क्रिमियातच ढासळली होती. बरेचसे काम अंथरुणावरूनच झाले. पुढे आपल्या खेड्यांचे पाणी व गटारे यांविषयी त्या म्हातारपणापर्यंत लिहीत राहिल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील जागा देऊ केली असता त्यांच्या इच्छेप्रमाणे नातलगांनी ती नाकारली. ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. दगडावर त्यांच्यासाठी नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या दोन तारखा, एवढेच कोरलेले आहे.