भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि बाबासाहेब

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना स्वतंत्र भारतात लोकसभेची पायरी कधीच चढता आली नाही. त्यासाठी त्यांनी दोनदा निवडणूक लढविली. पहिला पराभव मुंबईत झाला, दुसरा विदर्भातील भंडाऱ्यात. मुंबईच्या पराभवाची चर्चा पुष्कळ होते. भंडाऱ्याच्या पराभवाची फारशी होत नाही; पण बाबासाहेबांच्या स्वभावाची खरी ओळख तिथेच पटते.

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून उभे राहिले. त्या काळी काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता त्यांचे सहकारी होते. दोघेही पराभूत झाले. राखीव जागा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी जिंकली. हजारो मतदारांनी आपले एक मत मुद्दाम वाया घालविले, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘कुजविले’, आणि त्यामागे कम्युनिस्टांचे आवाहन होते, असा बाबासाहेबांचा आरोप होता. त्यांनी व मेहतांनी निवडणूक अर्जही दाखल केला. तो फेटाळला गेला. पुढे १९५२ मध्येच बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

भंडारा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच मोडत असे. हा मतदारसंघसुद्धा द्विसदस्यीय. तेथून निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी विडी उद्योगातील एका पेढीचे भागीदार होते आणि ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवीत असे. राखीव जागेचे इच्छुक गंगाराम ठवरे यांचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार राहिले नाहीत, या कारणावरून नाकारण्यात आला होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्द्यांवर निकाल दिला. सरकारी कंत्राटामुळे जसाणी अपात्र ठरले, आणि पंथ बदलल्याने जात सुटत नाही म्हणून ठवरे यांचा अर्ज नाकारणे चुकीचे ठरले. निवडणूक रद्द झाली.

मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले; सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता, आता प्रजा समाजवादी पक्षातर्फे. मधुमेह व संधिवाताने बाबासाहेबांचे शरीर थकले होते, तरी प्रचारसभांतून त्यांनी नेहरू सरकारच्या कारभारावर आणि परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली.

येथे नियम समजून घ्यावा लागतो. अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणारा राखीव जागेवर निवडून येई. उरलेली जागा बाकीच्यांत आघाडीवर असणाऱ्याला मिळे, मग तो कोणत्याही जातीचा असो. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरे मत कुजविले असते, तर मेहतांची मते घटली असती आणि बाबासाहेब सर्वसाधारण जागेवर तरी निवडून येण्याची शक्यता वाढली असती. कार्यकर्त्यांनी तसा आग्रह धरला. बाबासाहेबांनी तो मानला नाही, असे सांगितले जाते. मुंबईत ज्या डावपेचाविरुद्ध त्यांनी दाद मागितली, तोच डाव भंडाऱ्यात स्वतः खेळणे त्यांना पटणारे नव्हते.

निकाल लागला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी बाबासाहेबांचा आठ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. अशोक मेहता मात्र विजयी झाले. फेडरेशनची दुसरी मते मेहतांना लाभली. मित्रपक्षाची दुसरी मते बाबासाहेबांना त्या प्रमाणात मिळाली नाहीत, असेच या निकालावरून अनेकांनी मानले.

बाबासाहेब त्यानंतर लोकसभेसाठी उभे राहिले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आणि २००८ च्या पुनर्रचनेत जुना भंडारा मतदारसंघही जाऊन भंडारा-गोंदिया मतदारसंघ आला.

मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, मतमोजणीचे ते जुने नियमही गेले. मात्र मताचा अधिकार मिळवून देण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याने स्वतःच्या विजयासाठीही एक मत वाया घालवा असे मतदाराला सांगितले नाही. भंडाऱ्याच्या निवडणूक इतिहासात जिंकलेल्यांची नावे पुष्कळ आहेत. जिल्ह्याची आठवण मात्र आजही या हरलेल्या उमेदवाराभोवतीच फिरते.