भोवऱ्यांचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

युद्धाला विरोध असलेले क्वेकर शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत. फावल्या वेळात त्यांनी १९१० सालच्या एका दिवसाच्या नोंदी घेऊन सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने सोडवले. हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे अशक्य उत्तर आले. ते त्यांनी १९२२च्या पुस्तकात तसेच छापले. एवढा प्रामाणिकपणा विरळाच. मोठे भोवरे फुटून लहान होतात आणि त्यांची ऊर्जा अखेर हवेच्या चिकटपणात जिरते, हे चित्रही त्याच पुस्तकातले. खळबळत्या प्रवाहांची संगणकीय प्रारूपे आजही ते वापरतात. १९२६मध्ये त्यांनी हवेत पदार्थ कसे पांगतात याचा नियम मांडला. पत्नीच्या आठवणीनुसार, या कामात खरा रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे हे कळताच त्यांनी ते थांबवले, अप्रकाशित संशोधन नष्ट केले. पुढे ते युद्धे का होतात, याचे गणित मांडत राहिले.