शिलकेचा जाब विचारणारे गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आज बहुधा दोनच निमित्तांनी निघते. गांधीजींनी त्यांना गुरुस्थानी मानले म्हणून, किंवा टिळकांशी त्यांचे पटले नाही म्हणून. या दोन थोर नावांच्या सावलीत त्यांचे स्वतःचे कार्य झाकोळून गेले आहे. परक्या सरकारला त्याच्याच सभागृहात, त्याच्याच आकड्यांच्या आधारे रयतेच्या पैशाचा जाब विचारण्याचे काम या गृहस्थाने जवळजवळ तेरा वर्षे केले, आणि तेही मताच्या बळावर एक पैसुद्धा कमी करण्याचा अधिकार हाती नसताना.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे १८६६ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारल्यामुळे थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. पदवी मिळाल्यावर गोखल्यांनी सरकारी नोकरीची वाट धरली नाही. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर ते शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येई तो त्यांनी शिकविला. त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

सरकारी अहवाल वाचावा कसा, हे मात्र ते न्यायमूर्ती रानड्यांकडे शिकले. दुसरे साहाय्य मिळाले ते सोलापूरला मुख्याध्यापक असलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांचे. सरकारी प्रकाशनांतील कोष्टके वर्षानुवर्षे पिंजून काढणाऱ्या या शिक्षकाची टिपणे गोखल्यांच्या अनेक भाषणांच्या मुळाशी होती. साम्राज्याच्या जमाखर्चाला सर्वांत कठीण प्रश्न विचारले गेले ते दोन शाळामास्तरांच्या मेहनतीतून, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायतेत नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे १८९७ साली गोखल्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांना एकतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की, प्रश्न केवळ किती खर्च होतो एवढाच नाही. खर्च करणाराला अडविणारा कोणी आहे काय, हा खरा प्रश्न आहे. कर भरणारा हिंदुस्थानात आणि अंतिम सत्ता लंडनमध्ये. कलकत्त्याच्या कौन्सिलात मतदान नाही, आणि पार्लमेंटात हिंदुस्थानचे अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अखेरीस, ओस पडलेल्या बाकांपुढे निघे.

मुंबईच्या कायदेकौन्सिलात दोन वर्षे काढून १९०२ मध्ये ते फिरोजशहा मेहतांच्या जागी वरिष्ठ कायदेकौन्सिलात गेले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. वर्षाखेरीस एक दिवस अंदाजपत्रकावर भाषणे व्हावयाची, आणि त्यानंतर अंदाजपत्रक होते तसेच अंमलात यावयाचे. (मताचा अधिकार असूनही २०१८ साली लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. गोखल्यांच्या वेळी मत नव्हते, पण चर्चा तरी होती.)

त्या साली सरकारपाशी सुमारे सात कोटींची शिल्लक होती, आणि ती सुबत्तेची खूण म्हणून मिरविली जात होती. २६ मार्च रोजी गोखल्यांनी आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात या अभिमानाची मुळेच उपटली. देशाने नुकतेच दोन भीषण दुष्काळ भोगले होते, प्लेगही ओसरला नव्हता. मग ही शिल्लक आली कोठून? रुपयाचा भाव तेरा पेन्सांच्या आसपास घसरला तेव्हा विलायतेत पाठवावयाच्या रकमा भागविण्याकरिता करांचा बोजा वाढविलेला होता. पुढे हुंडणावळीचा दर सोळा पेन्सांवर स्थिरावला, सरकारची गरज कमी झाली, पण कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक सरकारच्या काटकसरीची नव्हती आणि देशाच्या समृद्धीचीही नव्हती. गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला तो रयतेचाच पैसा होता. सरकारी शिलकेकडे पाहण्याची ही दृष्टी तोवर त्या सभागृहात कोणी इतक्या स्पष्टपणे मांडली नव्हती.

मिठाचे उदाहरण त्यांनी पुनःपुन्हा घेतले. मणामागे अडीच रुपये कर म्हणजे गरिबाच्या भाकरीवरचा कर होता. १९०३ साली तो दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. प्राप्तिकराची सूटमर्यादाही १९०३ साली पाचशेवरून हजारावर गेली, त्यामुळे कारकून आणि शिक्षक या वर्गाला थोडा श्वास घेता आला. याचे सर्व श्रेय एका माणसाला देणे योग्य होणार नाही, कारण शिल्लक वाढत असल्याने सरकारला हे जड नव्हते. तथापि जहालांनी मवाळांच्या पद्धतीची जी अर्जविनंत्या म्हणून टवाळी केली, ती गोखल्यांच्या बाबतीत अपुरी ठरते. अर्जदार दया मागतो. गोखले हिशेब मागत होते.

लष्करी खर्चापुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. शिल्लक फौजेच्या पुनर्रचनेकडे वळू नये, ती शिक्षणाकडे यावी, असे ते दरवर्षी सांगत राहिले. त्याच ध्यासातून त्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. मागणी माफक होती. जेथे पुरेशी मुले शाळेत येत असतील तेथेच स्थानिक संस्थांनी सक्ती करावी, आणि खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने उचलावा. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही हे कारण, ज्या तिजोरीतील शिलकेवर त्यांनी दहा वर्षे बोट ठेवले होते त्या तिजोरीच्या वतीने, त्यांना ऐकावे लागले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. भारतमंत्र्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून नव्हे, ब्रिटनच्या तिजोरीतून द्यावा, ही राष्ट्रीय सभेची जुनी मागणी १९१९ च्या कायद्याने मान्य झाली. १९२१ पासून मध्यवर्ती विधानसभा खर्चाच्या काही मागण्यांवर मत देऊ लागली, आणि लोकलेखा समितीही त्याच साली अस्तित्वात आली. लष्कराचा खर्च मात्र त्या मतदानाच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आला.