तांबेऱ्याचा शोध लावणारे डॉ. मेहता

डॉ. करमचंद मेहता यांचा जन्म १८९२ साली अमृतसर येथे झाला. ते आग्र्याच्या कॉलेजात शिकवीत असत. गव्हावर तांबेरा पडला की दाणा बारीक होतो. पानाला हात लावला तर बोटं तांबडी होतात. ती बुरशी असते. पण सपाटीवरची बुरशी मे महिन्याच्या उन्हात मरून जाते. मग दर वर्षी ती येते कुठून? मेहतांनी पुष्कळ वर्षे खपून ते शोधून काढलं. हिमालय, निलगिरी अशा थंड डोंगरांवर आपोआप उगवलेल्या गव्हावर ती जिवंत राहते. तिथून तिची भुकटी वाऱ्याबरोबर खाली रानात येते. पाखरं हाकलता येतात, वारा कसा अडवणार? १९५० साली मेहता वारले. त्यांच्या पुस्तकाचा दुसरा भाग १९५२ साली छापून आला. तो त्यांना बघायला मिळाला नाही.