गणेश दैवज्ञ

गणेश दैवज्ञ (जन्म : शके १४२९, इ.स. १५०७, नांदगाव, कोकण) हे सोळाव्या शतकातील थोर ज्योतिर्गणिती, टीकाकार आणि वेधकार होते. ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ आणि ‘तिथिचिंतामणी’ हा सारणीग्रंथ या त्यांच्या दोन प्रमुख कृती होत. या ग्रंथांच्या आधारे महाराष्ट्रात, तसेच गुजरात आणि कर्नाटकाच्या मोठ्या भागात तीनशेहून अधिक वर्षे पंचांगे तयार होत असत. पृथ्वीपासून चंद्राचे अंतर सतत बदलत असते. त्यामुळे तिथी लहानमोठ्या होतात आणि ग्रहणांचे स्वरूप पालटते. या परिणामांचे गणित त्रिकोणमितीच्या कोष्टकांवाचून, खेड्यातील जोशालाही करता येईल इतके सोपे करणे, हे त्यांचे वैशिष्ट्यपूर्ण कार्य मानले जाते.

कुल आणि बालपण

गणेश दैवज्ञांचा जन्म कौशिक गोत्रातील एका विद्वान ज्योतिषी घराण्यात झाला. वडिलांचे नाव केशव आणि आईचे नाव लक्ष्मी. त्यांचे गाव नांदगाव, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील नंदिग्राम. हे गाव रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात समुद्रकिनाऱ्यावर वसले असून पूर्वी ते जंजिरा संस्थानात मोडत असे.

केशव दैवज्ञ स्वतः मोठे ज्योतिर्विद होते. वैजनाथ हे त्यांचे गुरू. ‘ग्रहकौतुक’ (शके १४१८, इ.स. १४९६), ‘मुहूर्ततत्त्व’, ‘जातकपद्धती’ आणि ‘ताजिकपद्धती’ हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. जुन्या सिद्धांतग्रंथांनी दिलेली ग्रहांची स्थाने आकाशातील प्रत्यक्ष स्थानांशी जुळत नाहीत, हे त्यांनी वेध घेऊन पडताळले होते. पुढील काळातही असे अंतर पडत जाणार. तेव्हा त्या त्या काळच्या गणितज्ञांनी ग्रहणे आणि ग्रह-नक्षत्रांच्या युती पाहून गणित सुधारून घ्यावे, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. मुलाला वडिलांकडून मिळालेला हा सर्वांत मोलाचा वारसा म्हणावा लागेल.

गणेश दैवज्ञांच्या जन्माविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. केशवांनी वर्तविलेल्या एका ग्रहणाची वेळ चुकली आणि स्थानिक अधिकाऱ्याने त्यांचा उपहास केला. त्या दुःखाने केशवांनी गणपतीची आराधना केली, तेव्हा हे अपुरे कार्य पूर्ण करणारा पुत्र त्यांना लाभला. म्हणून त्याचे नाव गणेश. नांदगावच्या सिद्धिविनायक मंदिराशी ही कथा जोडली जाते. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिच्यातून त्या काळच्या ज्योतिषापुढील खरी कसोटी दिसते. तिथी काही घटिकांनी चुकली, तर सामान्य माणसाच्या ते लक्षात येत नसे. ग्रहण चुकले, तर ते साऱ्या गावाला दिसत असे. स्पर्श आणि मोक्ष यांच्या वेळांवर स्नान, दान आणि जप अवलंबून असल्यामुळे ही चूक केवळ गणिताची राहत नसे.

ग्रहलाघव

‘ग्रहलाघव’ या ग्रंथाचा आरंभकाल शके १४४२ (इ.स. १५२०) हा आहे. त्या वेळी गणेश दैवज्ञांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते.

ग्रंथाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे कालगणनेची सोय. सिद्धांतग्रंथांत कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजावे लागत, त्यामुळे प्रचंड संख्यांचे गुणाकार-भागाकार करणे भाग पडे. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. या अवधीत जवळजवळ १३६ चांद्रमास पूर्ण होतात. किती चक्रे गेली आणि चालू चक्रातील किती दिवस लोटले, एवढे कळले की पुढचे गणित लहान संख्यांत उरकते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ज्या आणि चाप यांचा संपूर्ण त्याग. ग्रहाच्या मध्यम स्थानावरून स्पष्ट स्थान काढताना ज्यांची कोष्टके लागत. गणेश दैवज्ञांनी ती वगळून केवळ अंकगणिताची सूत्रे दिली.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे दृक्प्रत्ययाला, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या स्थितीला, दिलेले प्राधान्य. त्यांनी कोणताही एक सिद्धांत आंधळेपणाने स्वीकारला नाही. रवी आणि चंद्राचे उच्च सूर्यसिद्धांतातून घेतले. चंद्रही त्याच सिद्धांतातून घेतला, पण ९ कला कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षातून घेतले, तर शनी आर्यपक्षातील स्थानात ५ अंश मिळवून घेतला. ज्या पक्षाचे जे मान आकाशाशी जुळले, ते त्यांनी स्वीकारले.

चंद्राचे उच्च, नीच आणि मंदफल

चंद्राची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही. पृथ्वीपासून त्याचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर आहे. ते सुमारे ३,५६,५०० पासून ४,०६,७०० किलोमीटरपर्यंत बदलते. कक्षेतील सर्वांत दूरच्या बिंदूला उच्च आणि सर्वांत जवळच्या बिंदूला नीच म्हणतात. उच्चाजवळ चंद्र मंद चालतो, नीचाजवळ जलद चालतो. हा उच्चबिंदूही स्थिर नसून सुमारे ८.८५ वर्षांत राशिचक्राची एक फेरी पूर्ण करतो.

एकसारख्या गतीने चालणारा मध्यम चंद्र आणि प्रत्यक्ष दिसणारा स्पष्ट चंद्र यांतील फरकास मंदफल म्हणतात. ते काढण्यासाठी ‘ग्रहलाघवा’त दिलेली रीत अशी आहे. चंद्र आणि त्याचे उच्च यांतील कोनाचा भुज अंशांत घ्यावा आणि त्याला ६ ने भागावे. आलेली संख्या ३० मधून वजा करावी आणि त्या दोहोंचा गुणाकार करावा. या गुणाकाराचा विसावा भाग ५६ मधून वजा करावा आणि उरलेल्या संख्येने मूळ गुणाकारास भागावे. उत्तर अंशांत येते.

उदाहरणार्थ, भुज ९० अंश असेल तर ६ ने भागून १५ येतात, ३० मधून १५ वजा जाता १५ उरतात, गुणाकार २२५. त्याचा विसावा भाग ११.२५ हा ५६ मधून गेला की ४४.७५ उरतात. २२५ ला ४४.७५ ने भागल्यास सुमारे ५ अंश २ कला एवढे परम मंदफल मिळते. भुज ३० अंश असताना याच रीतीने २.५१ अंश येतात. ३० अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी असते. त्यामुळे ज्यांच्या कोष्टकानेही उत्तर जवळजवळ हेच येते. या रीतीचे मूळ सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांच्या ज्यासाधनाच्या सूत्रात आहे. ते सूत्र चंद्राच्या गणितात असे बेमालूम मुरविणे, हे गणेश दैवज्ञांचे कौशल्य होय.

अंतर आणि ग्रहणे

ग्रहणाच्या गणितात चंद्रबिंबाचा आकार लागतो आणि तो अंतरावर अवलंबून असतो. अंतर थेट मोजण्याचे साधन नसताना गणेश दैवज्ञांनी, पूर्वपरंपरेला अनुसरून, चंद्राच्या दैनंदिन गतीलाच अंतराचे माप मानले. चंद्राची गती कलांमध्ये घेऊन ७४ ने भागली की बिंबाचा व्यास अंगुलांत मिळतो. येथे एक अंगुल म्हणजे ३ कला. मध्यम गती सुमारे ७९० कला असताना व्यास १०.७ अंगुले, म्हणजे ३२ कला येतो. गती सुमारे ७२० कला असता ९.७ अंगुले आणि ८६० कला असता ११.६ अंगुले येतो.

सूर्याच्या गतीची दुप्पट करून ११ ने भागले असता सूर्यबिंब मिळते. त्याचे मध्यम मान १०.७५ अंगुले आहे. या दोन मापांची तुलना केली की सूर्यग्रहणाचे एक रहस्य उलगडते. अमावास्येला चंद्र उच्चाजवळ असेल तर त्याचे बिंब सूर्यबिंबाहून लहान ठरते. अशा वेळी तो सूर्याच्या अगदी मध्यावर आला तरी सभोवती तेजस्वी कडे उरते. हेच कंकणाकृती ग्रहण. चंद्र नीचाजवळ असेल तर सूर्य पूर्ण झाकला जाऊन खग्रास ग्रहण घडते.

चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया विचारात घ्यावी लागते. ही छाया शंकूसारखी निमुळती होत जाते. म्हणून दूरच्या चंद्राला तिचा अरुंद भाग आणि जवळच्या चंद्राला रुंद भाग ओलांडावा लागतो. ‘ग्रहलाघवा’नुसार चंद्रगतीतून ७१६ वजा करून २२ ने भागावे, त्यात ३२ मिळवावे आणि सूर्यगतीचा सातवा भाग वजा करावा. या रीतीने चंद्र दूर असता छायेचा व्यास सुमारे २४ अंगुले, तर जवळ असता सुमारे ३० अंगुले येतो. दूरच्या चंद्राला छाया लहान मिळते, पण तो चालतोही सावकाश. ग्रहणाचा काळ ठरविताना या दोन्ही गोष्टींचा हिशेब करावा लागतो, आणि एका गतीच्या आकड्यावरून तो होतो.

या रीतीत थोडी स्थूलता आहे. बिंबाचा व्यास गतीच्या थेट प्रमाणात बदलत नाही. गती त्याहून अधिक वेगाने बदलते. आधुनिक मापनानुसार चंद्रबिंब सुमारे २९.४ ते ३३.५ कलांच्या दरम्यान असते, तर या सूत्राने ते २९ ते ३५ कलांपर्यंत येते. तरीही नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या काळात हे सूत्र पुरेसे उपयोगी होते.

तिथिचिंतामणी

सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे एक तिथी. चंद्राची कला तिथीगणिक वाढते किंवा घटते. चंद्र नीचाजवळ असताना हे १२ अंश लवकर तुटतात आणि तिथी आखूड होते. उच्चाजवळ असताना ती लांबते. म्हणूनच पंचांगात कधी तिथीचा क्षय, तर कधी वृद्धी आढळते. जुन्या गणिताने तिथी फार तर ६५ घटिकांची आणि कमीत कमी ५४ घटिकांची होते. ६० घटिकांच्या दिवसापेक्षा ५ ने जास्त आणि ६ ने कमी, यावरून ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा संकेत रूढ झाला.

रोजची तिथी, नक्षत्र आणि योग काढण्याचे श्रम वाचावेत म्हणून गणेश दैवज्ञांनी शके १४४७ (इ.स. १५२५) मध्ये ‘लघुतिथिचिंतामणी’ हा सारणीग्रंथ रचला. कोष्टके पाहून थोडी बेरीज-वजाबाकी केली की वर्षाचे पंचांग तयार होऊ लागले. पुढे शके १४७४ (इ.स. १५५२) मध्ये त्यांनी ‘बृहत्तिथिचिंतामणी’ लिहिला.

अन्य ग्रंथ

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ ही त्यांची टीका शके १४६७ (इ.स. १५४५) मधील आहे. तिच्यात केवळ अर्थ न सांगता गणिताच्या रीतींच्या उपपत्तीही दिल्या आहेत. गणिताच्या इतिहासकारांना ती त्यामुळे महत्त्वाची वाटते. ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. ‘सिद्धांतशिरोमणी’वरही त्यांची टीका आहे. वडिलांच्या ‘मुहूर्ततत्त्वा’वर, तसेच ‘विवाहवृंदावन’ या ग्रंथावर (शके १४७६, इ.स. १५५४) त्यांनी टीका लिहिल्या. वेळ पाहण्याच्या ‘प्रतोदयंत्र’ या चाबकाच्या दांड्यासारख्या उपकरणावरही त्यांचे लेखन आहे.

मर्यादा

गणेश दैवज्ञांच्या चंद्रगणितातील मुख्य उणीव कलांच्या मध्यावर प्रकट होते. चंद्राचे मंदफल सदैव सारखे नसते. सूर्याच्या आकर्षणामुळे त्यात भर किंवा घट होते. अमावास्या आणि पौर्णिमेला परम मंदफल सुमारे ५ अंश असते, पण अष्टमीच्या सुमारास ते साडेसात अंशांपर्यंत जाते. जुने गणित मुख्यतः ग्रहणांच्या वेधांवरून बसविलेले असल्यामुळे त्यात पहिले मान आले आणि दुसरे सुटले. परिणामी ग्रहणे ठीक जुळत. मात्र अष्टमीच्या आसपास तिथीच्या समाप्तीत सुमारे ५ तासांपर्यंत फरक पडू शकत असे. मुंजालांच्या ‘लघुमानसा’त (शके ८५४) यासाठी दुसरा संस्कार सांगितला आहे, ‘ग्रहलाघवा’त तो घेतलेला नाही.

प्रभाव

‘ग्रहलाघवा’वर गंगाधर, मल्लारी आणि विश्वनाथ यांच्या टीका प्रसिद्ध आहेत. विश्वनाथांची टीका सोदाहरण असल्यामुळे ज्योतिष शिकणाऱ्यांत विशेष प्रिय ठरली. ग्रंथातील श्लोक मुखोद्गत करून, पाटीवर आकडेमोड करून ग्रहण वर्तविणारे जोशी एकोणिसाव्या शतकातही गावोगावी आढळत.

त्याच शतकात युरोपीय वेधांवर आधारलेले गणित महाराष्ट्रात आले. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनी १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. या गणिताने तिथी ७ घटिका वाढते आणि १० घटिका घटते, म्हणून ‘सप्तवृद्धी दशक्षय’ असा नवा संकेत आला. एकादशी, श्राद्ध आणि सणांचे दिवस बदलू लागल्याने मोठा वाद माजला. लोकमान्य टिळकांनी दृक्प्रत्ययी पंचांगाचा पक्ष घेतला. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी नव्या मानांवर आधारलेले संस्कृत ग्रंथ रचून जुन्या पद्धतीच्या जोशांसाठी पूल बांधला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात केशव आणि गणेश या पितापुत्रांच्या कार्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे.

परंपरेचा अभिमान म्हणून अनेकांनी ‘ग्रहलाघव’ सोडण्यास विरोध केला. वास्तविक गणेश दैवज्ञांनी स्वतः परंपरेतील प्रत्येक मान आकाशाशी ताडून पाहिले होते आणि न जुळणारे बदलले होते. नव्या पंचांगकर्त्यांनी त्यांच्या ग्रंथाच्या बाबतीत तेच केले. त्या अर्थाने केशव दैवज्ञांनी भावी गणितज्ञांवर सोपविलेले काम ‘ग्रहलाघवा’लाही लागू झाले.