प्राध्यापक वारकरी : ह. भ. प. सोनोपंत दांडेकर

आमच्या कल्याण-आंबिवलीकडील मंडळी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसली, म्हणजे कुणा ना कुणापुढे दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी उघडी असतेच. ओवीवर अडले की बोट आपोआप खालच्या अर्थावर जाते. पण हा अर्थ लावून देणारा पुरुष कोण, हे आपण कधी विचारले आहे काय? भाविकहो, ते आपल्याच बाजूचे.

शंकर वामन दांडेकर यांचा जन्म २० एप्रिल १८९६ रोजी केळवे-माहीमचा. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आज तो पालघर जिल्ह्यात मोडतो. लोक त्यांना सोनोपंत म्हणत आणि मायेने मामासाहेब म्हणत. पुण्यात विद्यार्थी असताना त्यांना विष्णुबुवा जोगमहाराज भेटले आणि जन्माची दिशा ठरली.

तो काळ कसा होता, हे ध्यानी घ्यावे. इंग्रजी शिकलेल्या कित्येकांना टाळ-मृदंग म्हणजे अडाण्यांचा खेळ वाटे. आणि बुक्का लावलेल्या म्हाताऱ्यालाही कॉलेजात शिकलेल्या पोराचा भरवसा वाटत नसे. या दोहोंतले एक निवड, असेच जग सांगत होते. सोनोपंतांनी एकही सोडले नाही. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवीत. पुढे तेथेच प्राचार्य झाले. वर्गात प्लेटो सांगणारा हा माणूस कीर्तनात मात्र हरिदास म्हणून उभा राही. ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ या पुस्तकात तर त्यांनी दोघांना शेजारी बसवले.

जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि १९२० साली ते गेले. एक माणूस गेला की त्याच्याबरोबर केवढी विद्या जाते, हे शिष्यांना तेव्हा कळले असेल. आपल्या पंथाचे ज्ञान मुखोमुखी चालत आलेले. बापाने मुलाला सांगावे, बुवांनी शिष्याला सांगावे. मधला एक दुवा तुटला की संपले! आम्हांस वाटते, सोनोपंतांची खरी थोरवी येथे आहे. संस्थेचा भार त्यांनी गुरुबंधूंबरोबर वाहिला, गुरूंचे चरित्र लिहिले, आणि १९२७ साली ‘वारकरी पंथाचा इतिहास’ प्रसिद्ध केला. विषय तत्त्वज्ञानाचा, पण काम केले इतिहासकाराचे. वारकऱ्याला स्वतःच्या घराण्याची वही मिळाली. भक्ती असली तर इतिहास कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपला बाप कोण, आजा कोण, हे ठाऊक असलेला मुलगा परक्या गावात बुजत नाही, तसेच हे आहे.

ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. पोरेबाळे नव्हती, पण विद्यार्थी आणि माळकरी हाच त्यांचा गोतावळा. ‘प्रसाद’ मासिकाच्या संपादनातूनही त्यांनी हीच सेवा केली. ९ जुलै १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला. पालघरचे महाविद्यालय आज त्यांचेच नाव सांगते.

तेव्हा पुढच्या पारायणाला ग्रंथ उघडाल, तेव्हा ज्ञानोबारायांना नमस्कार करून दुसरा नमस्कार मामासाहेबांना करावा. आणि घरातल्या शिकलेल्या मुलाला शेजारी बसवून घ्यावे. त्याने पुस्तक सोडायचे नाही, आपण टाळ सोडायचा नाही. दोन्ही एका घरात नांदतात, हे त्याला मामासाहेबांकडे बोट दाखवून सांगता येते.

रामकृष्णहरि.